गोणीत काय आहे ते सांगा

आईने सरोवराकाठच्या होमाबे गावाहून बसने पाठवलेली गोणी अकरा दिवस झाले तरी नाकुरूला पोचत नव्हती. रोज पार्सल कचेरीत जायचं, घामट रांगेत तासभर उभं राहायचं आणि किप्रोनो कारकुनाचं "उद्या या, ताई" ऐकून परतायचं. उद्यावर नाताळ, आणि पोरीचा चर्चला घालायचा फ्रॉक त्या गोणीत.

आज एकदाची गोणी आली. तळातून तपकिरी पाणी गळत होतं, वर माश्या घोंगावत होत्या. वासाने मी नाक दाबलं.

"कुठे नासवलीत एवढी?"

"नाताळची गर्दी, ताई. आत काय आहे ते सांगा, लगेच देतो."

इथली रीतच ती. नावाच्या चिठ्ठ्या वाटेत गळून पडतात. म्हणून मालकाने वस्तू सांगायच्या आणि कारकुनाने आत हात घालून चाचपायच्या. चारचौघांत कुणाचं सामान उघडं पडायला नको.

किप्रोनोने तोंड वाकडं करत शिवण उसवली आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

"सुकी मासळी," मी म्हणाले.

"आहे. लिबलिबीत झालीय."

"शेंगदाण्यांची पिशवी."

"आहे."

"फ्रॉक."

"आहे. ओला आहे." तो थांबला. "आणखी?"

"बस, एवढंच."

त्याने हात बाहेर काढला नाही. मागची रांग कुरकुरायला लागली.

"ताई, नीट आठवून बघा," तो अगदी हळू म्हणाला. "आत कुणीतरी माझी बोटं मोजतंय."