लव्हर्टच्या सगळ्या काठ्या

"ही पण ने," ओझेला म्हणाली आणि अकरावी गळकाठी तिनं थेरॉनच्या हातात दिली.

थेरॉन आला होता एकाच काठीसाठी. बारा फुटी, पिसासारखी हलकी. खाली माशानं तोंड नुसतं लावलं तरी टोक थरथरावं अशी. लव्हर्टची लाडकी. लव्हर्टला पुरून दोन महिने झाले होते, थडग्यावरची माती अजून बसली नव्हती, आणि त्याचा हा जिवलग दोस्त त्याच्या विधवेच्या अंगणात हात पसरून उभा होता. मयताच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच. पण थेरॉनला विचारलं असतं, तर तो म्हणाला असता, मग काय लोणी वाया घालवायचं?

कारणही तसंच होतं. शनिवारी चर्चची मासळीची जेवणावळ होती. बावीस वर्षं तिथले मासे लव्हर्टचे. तळहाताएवढे ब्रीम, चपटे चंदेरी क्रॅपी, मक्याच्या पिठात घोळवून कढईत. पास्टर गेन्स माइकवर लव्हर्टचं नाव घ्यायचे आणि अख्खा जमाव उठून टाळ्या वाजवायचा. चर्चच्या भिंतीवर त्याचा फोटोही होता. हातात काठी, खांद्यावर माशांची माळ, कडेला ओझेलाचं अर्धं कोपर. मासे आणण्यात थेरॉन बावीस वर्षं दुसरा आला होता. दुसऱ्याचं नाव माइकवर कोण घेतो?

यंदा जागा रिकामी होती.

"हे बटणाचं रीळ ब्रीमसाठी," ओझेला म्हणाली. "हे उघडं, क्रॅपीसाठी. तंगुसाचा दोरा गेल्या महिन्यात नवा भरलाय."

गेल्या महिन्यात लव्हर्ट जमिनीखाली होता. पण थेरॉनचं लक्ष रिळात. त्यानं मूठ फिरवली. लोण्यासारखी फिरली.

"जीव लावला होता गड्यानं."

"हो. तेल दर आठवड्याला लागायचं."

"वहिनी, एखादी ठेवा की आठवण म्हणून." लाडकी काठी त्यानं तोवर गाडीत टाकलीच होती.

"नको. शिशाची वजनं, तरंगण्या, गळांचे डबे, सगळं ने. त्याचा एक गळसुद्धा घरात नको मला."

तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. दुःखानं दगड झालीय बिचारी, थेरॉन मनाशी म्हणाला.

"एकच कर," ती म्हणाली. "मागच्या रस्त्यानं जाऊ नको. दुकानांसमोरून जा. काठ्या उघड्या राहू देत."

"का हो?"

"माणूस मानानं गेला, त्याच्या वस्तूही मानानं जाव्यात."

थेरॉनची छाती दोन इंच फुगली. तो गाडीत बसला तशी ती खिडकीशी आली.

"क्रॅपी वर बघतो, थेरॉन. गळ त्याच्या डोक्याच्या वर ठेव. तळाला सोडलास, तर बसशील माश्या मारत."

थेरॉन खो खो हसला. "वहिनी, तुम्ही आपलं मक्याचं पीठ सांभाळा. बोटीत बसून पाणी उपसलं म्हणून कुणी कोळी होत नाही."

"खरंय बाबा," ओझेला म्हणाली आणि तीही हसली.

न्हाव्याच्या दुकानासमोर चार टाळकी बसलीच होती.

"काय रे थेरॉन, लव्हर्टचं घर धुतलंस की काय?"

"वारसा आहे, मेल्यांनो, वारसा! शनिवारी पोट रिकामं ठेवून या!"

शुक्रवारी उजाडताच त्यानं तळ्यात बोट घातली. सायप्रसच्या बुंध्यांत सावली गार होती. मोठा मासा खोल पाण्यातच असतो हे त्याला त्याच्या बापानं शिकवलं होतं, आणि बापाला आजानं. तीन पिढ्या तळ खरवडत आल्या होत्या. त्यानं लाडकी काठी काढली, गळ तळाला सोडला. मग दुसरी काढली. मग तिसरी. ऊन डोक्यावर आलं तेव्हा अकराच्या अकरा काठ्या ओल्या झाल्या होत्या आणि बादलीत नऊ मासे होते. त्यातले दोन तर इतके चिमुकले, की बघायची त्यालाच लाज वाटली.

शनिवारी कढया तापल्या. दीडशे माणसं ताटल्या घेऊन उभी.

"थेरॉन, लव्हर्टच्या काठ्या तुझ्याकडे आल्यात म्हणे!" पास्टर गेन्स हात चोळत म्हणाले. "मासे कुठंयत?"

थेरॉननं बादली पुढे केली. पास्टरनी आत बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "आमिष आणलंस होय? मासे घरी राहिले वाटतं."

हशा पिकला तेवढ्यात ओझेलाचा जुना ट्रक आत शिरला. मागे बर्फाचे चार मोठे डबे. झाकणं उघडली तशी बायका किंचाळल्याच. काठोकाठ ब्रीम आणि क्रॅपी. डब्यांवर आडवा टाकलेला एक हिरवा बांबू, ओढ्याकाठचा, ताजा तोडलेला, टोकाला तंगूस बांधलेला.

पास्टरनी माइक उचलला. "देवाची करणी बघा! लव्हर्ट वर गेला तरी आपल्याला भरवतोय! त्याच्या काठ्यांचा हा आशीर्वाद!"

जमाव उठला. टाळ्यांचा कडकडाट.

ओझेला हात पुसत पुढे आली. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली.

"पास्टर, त्याच्या काठ्या कुठंयत?"

सगळ्यांनी थेरॉनकडे बघितलं. सगळ्यांनीच त्या जाताना पाहिल्या होत्या.

"माझ्याकडं," थेरॉन पुटपुटला.

"सगळ्या?"

"सगळ्या."

"एखादी राहिली असेल बघ माझ्याकडं."

"एकही नाही, वहिनी. गळसुद्धा नाही."

"पहिल्याच वर्षी मी सांगितलं होतं, हे मासे मी धरलेत म्हणून, तेव्हा हसलात तुम्ही सगळे," ओझेला म्हणाली. "काठ्या त्याच्या, म्हणून मासे त्याचे, म्हणालात. बरं. आता काठ्या थेरॉनच्या आहेत." तिनं पास्टरचा माइक त्यांच्याच तोंडाशी नेला.

"बोला. मासे कुणाचे?"