ॲशच्या नऊ काठ्या

बोरमने काठी दोन्ही हातांनी पुढे केली. मोठ्या माणसाला काही द्यायचं तर बुसानमध्ये असंच देतात. फिंटनने ती एका हाताने ओढून घेतली, उलटीसुलटी केली आणि गवतावर टाकली.

"ही चालायची नाही."

सामन्याला वीस मिनिटं उरली होती. हर्लिंग हा ॲश नावाच्या झाडाच्या काठीने चेंडू मारायचा आयरिश खेळ. त्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत निव्वळ कोरियन बायकांचा संघ पहिल्यांदाच उतरत होता. आजवर या बायका इथल्या आयरिश नोकरदारांच्या संघात राखीव म्हणून बाकावर बसायच्या. फिंटन खास आयर्लंडहून काठ्या तपासायला आला होता. त्याचा शिक्का नाही तर खेळ नाही.

"का चालायची नाही, साहेब?" बोरम कप्तान होती.

"केली कुणी ही?"

"माझ्या बाबांनी. नऊच्या नऊ. मळणीच्या काठ्या करतात ते. लाकूड ॲशचंच आहे."

"आमचं ॲश नव्हे. पोरी, हा भात झोडायचा खेळ नाही."

मागून संघातली मुन-जू फणकारली, "तुमचं ॲश सहा महिन्यांपूर्वी मागवलंय. आलं का?"

"येणार कुठून?" फिंटन भडकला. "झाडंच मरतायत आमची. रोग पडलाय. आणि तो रोगही तुमच्याच बाजूने आलाय, ठाऊक आहे का?"

बोरमने गवतातली काठी उचलली, मांडीला पुसली.

"ठाऊक आहे. आमच्या झाडांना तो कधीचाच लागलाय, साहेब. ती उभी आहेत. मारा."

"काय मारू?"

"तुमची काठी. माझ्या काठीवर. अंगात असेल तेवढा जोर लावून."

फिंटनच्या काखेत त्याची स्वतःची काठी होती, टोकाला पत्र्याच्या दोन पट्ट्या ठोकलेली. तो वळणारच होता, पण कडेला त्याच्याच देशाचे खेळाडू ओरडले, "टरकलास का रे, फिंटन?"

त्याने मारली.

कडाड आवाज झाला. पत्र्यासकट टोक तुटून चुन्याच्या रेषेपलीकडे जाऊन पडलं. बोरमच्या काठीवर नखाएवढी खोक पडली, बस्स.

कुणी हसलं नाही. फिंटन हातातल्या तुकड्याकडे बघत राहिला.

"आजोबांनी तासलेली होती," तो म्हणाला.

बोरमला वाईट वाटलं. खरंच वाटलं. माफी ओठांपर्यंत आली, ती तिने गिळून टाकली. लहानपणापासून ती कुणाकुणाची माफीच मागत आली होती. तिने काठी त्याच्या छातीसमोर धरली. एका हाताने.

"शिक्का मारा."

पलीकडे पंचाने शिट्टी फुंकली. फिंटनने तुकडा खाली ठेवला, खिशातून शिक्का काढून दातांत धरला आणि काठी घेतली. दोन्ही हातांनी.