हलायचं नाही

वैद्यबाईंनी तिची बाही वर सारली आणि त्या थबकल्या. दंडावर चार बोटांचे हिरवट-पिवळे वळ होते.

"मोरीत घसरली," नवरा म्हणाला. "धांदरट आहे जरा."

तो खुर्चीला खुर्ची भिडवून बसला होता. खांदा कधीपासून दुखतो, झोप लागते का, जेवण जातं का, वैद्यबाई विचारायच्या तिला आणि उत्तरं द्यायचा तो. ती मान खाली घालून होती. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी असंच दंडाकडे बघून म्हटलं होतं, "हे पडून झालेलं नाही." त्या वाक्याची शिक्षा तिला घरी मिळाली. खांदा तेव्हाच दुखावला. म्हणूनच या खेपेला तो तिला चिनी पद्धतीने सुया टोचणाऱ्या या म्हाताऱ्या बाईंकडे घेऊन आला होता.

वैद्यबाईंनी तिच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. बाई, काही बोलू नका, ती मनातल्या मनात विनवत राहिली.

वैद्यबाईंनी डोळे उघडले ते नवऱ्याकडे वळून.

"हिचा खांदा कुठं पळून जात नाही. तुमची कंबर मात्र कामातून गेलीय. आत येतानाच चाल बघितली मी. आधी तुम्ही झोपा. बायकांची दुखणी काय, चालूच असतात."

"बघ! यांना बरोबर कळलं." तो खूश होऊन शर्ट काढू लागला.

तिने बाही खाली ओढली. हीसुद्धा त्याच्याच बाजूची.

सुया आणायला वैद्यबाई आत गेल्या, त्यांना यायला जरा वेळच लागला. तो पालथा झोपला. मानेत, पाठीत, कमरेत, गुडघ्यांमागे, घोट्यांत एकेक सुई जात राहिली. तिने बावीस मोजल्या.

"आता अर्धा तास हलायचं नाही. हललात तर सुई आत मोडेल, मग ऑपरेशनच."

"तिला इथंच बसवा," तो उशीत तोंड खुपसून म्हणाला.

"काढा कसा उकळायचा ते दाखवते तिला. घरी तिलाच करायचाय ना?"

तो नुसता हुंकारला.

आतल्या खोलीत शेगडी थंड होती. वैद्यबाईंनी दार लोटून घेतलं. मागचं दार उघडं होतं आणि गल्लीत एक गाडी सुरू करून ठेवलेली होती.

"माझी लेक आहे. मघाशीच फोन केला. बस गाडीत, ती नेईल तिथं तुला कुणी विचारणार नाही कशी पडलीस."

तिच्या चपला पुढच्या दाराशी, त्याच्या बुटांशेजारी राहिल्या होत्या. वैद्यबाईंनी पायातल्या आपल्या काढून तिच्यापुढे सरकवल्या.

"झालं का?" बाहेरून त्याचा आवाज आला.

तिने चपलांत पाय सरकवले. वैद्यबाईंनी तिच्या पाठीवर हलकेच हात ठेवला.

"जा पोरी. त्याच्या सुया मी सावकाश काढते."