विलायती मोटारीची दृष्ट

नागपूरहून हैदराबादला निघालेली मालकाची विलायती मोटार लालसिंगनं पांढरकवड्याजवळ आपल्या तांड्यासमोर थांबवली. नेहमीसारखी पाचच मिनिटं. इंजिन चालूच ठेवलं.

"सहा सिलिंडर, तीन कार्बुरेटर, दोनशे घोड्यायची ताकद!" तो जमलेल्यांना सांगत होता. "तीन वर्सं झाले, रस्त्यात एकडाव बंद नाही पडली." मग बायकोकडं वळला. "अवं, लोकायची नजर वाईट असते. दृष्ट काढ हिची."

मोतीबाईनं मूठभर मीठमिरच्या सात वेळा बॉनेटवरून ओवाळल्या. तेवढ्यात आत बसलेल्या मालकानं हॉर्न वाजवला, आणि मोटार धुरळा उडवत गेली.

"नशीब काढलं बाई तू," शेजारची सुखीबाई म्हणाली. "आमच्या टरकाचं मेलं इंजिन पुन्हा बसलं. एक खेप धड होत नाही. चार दिवसांपासून हे घरीच हायेत, अन् नागपूरहून सामान यायले अजून आठ दिवस लागतीन."

तिच्या मागं निंबाच्या सावलीत तिचा नवरा फुलचंद लेकीला मांडीवर घेऊन भाकर चारत होता. मोतीबाई बघत राहिली. मूठ तशीच मिटलेली.

"अवं, टाक ना त्या मिरच्या चुलीत! जाळल्याबिगर नजर उतरते काय?" सुखीबाई म्हणाली.

मोतीबाईनं मिरच्या ओढणीच्या टोकाला घट्ट बांधल्या.

"नजर माहीच हाये," ती म्हणाली. "राहू दे लागलेली."