हिरवा गडी

दुपारी बाळ झोळीत झोपलं, की मी उत्तमभावजींचा व्हिडिओ गेम टीव्हीला जोडते. ठाकुर्लीच्या या एका खोलीत तेवढाच वेळ माझा. शेजारी झोळीची कडी बाळाच्या वजनाने करकरत असते, त्यामुळे मान वळवून बघावंही लागत नाही.

रणगाड्यांची कॅसेट मला रुचली नाही. त्यात सारखी राखण करायची, ती मी दिवसभर करतेच. उड्या मारत पळणाऱ्या गड्याची आवडली. त्यात फक्त उजवीकडे जायचं. मागे वळलं तर पडद्याची कड अडवते.

परवा माझ्या लाल गड्यामागून एक हिरवा आला. तो दुसऱ्या खेळाडूचा, पण दुसरा रिमोट तर जोडलेलाच नव्हता. हिरव्याने उडी मारली की बाळ झोपेत खुदकन हसायचं.

"सटवाई खेळवतेय गं त्याला, उठवू नकोस," सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "आणि तू ऊठ त्या डबड्यापुढून. उत्तम परवडला तुझ्यापेक्षा!"

मलाही हसू आलं.

आज सासूबाई नळावर गेल्यावर मी तीच कॅसेट लावली. हिरवा थोडं पळाला, थांबला आणि डावीकडे चालू लागला. कडेने त्याला अडवलं नाही. तो पडद्याबाहेर गेला.

डावीकडे झोळी आहे. ती झुलू लागली. कडी करकरली नाही.

हिरवा परत आला. त्याच्यामागून एक इवलासा गडी रांगत होता.

मी खटका बंद करायला हात नेला, तेवढ्यात टीव्हीतून कुणीतरी खुदकन हसलं. हात तिथेच थांबला.