सलाला कुठं आहे

मालन रडत नव्हती. तिच्या खोलीत जमलेल्या बायकाच रडत होत्या. इराण-इराकची लढाई पेटली, आखातात तेलाचे साठे जळताहेत, असं सकाळी रेडिओवर सांगितलं होतं आणि मालनचा नवरा दशरथ आखातातच वेल्डर होता. दहिसरच्या त्या चाळीला आखात म्हणजे एकच गाव वाटे. एका टोकाला बॉम्ब पडला की दुसऱ्या टोकाचा माणूस गेलाच. मालन भिंतीला टेकून बसली होती. पाणी घे म्हटलेलंही तिला ऐकू येत नव्हतं.

जानकी शाळेतून आली ती दारातच थबकली. नववीतली मुलगी. काय झालं ते तिनं शेजारच्या शकुकडून ऐकून घेतलं आणि दप्तर न उतरवताच आईसमोर येऊन बसली.

"आई, बाबा सलालात आहेत. सलाला ओमानमध्ये. लढाई चाललीय ती इराकमध्ये, बसऱ्याच्या बाजूला. इथून कलकत्ता जेवढं लांब, तेवढं ते बाबांपासून लांब आहे. कलकत्त्यात बॉम्ब पडला तर आपली चाळ पडेल का?"

रडणं थांबलं. शकुचा भाऊ कुवेतला होता. डोळे पुसत तिनं त्याचं विचारलं. जानकीनं खरं तेच सांगितलं. कुवेत लढाईच्या जवळ आहे, पण लढाईत नाही. शकु उठली आणि भावाला तार करायला पोस्टात गेली.

मालननं मुलीचा हात घट्ट धरला. "ह्या तुका कोणी शिकवल्यान गो?"

"वसुधाबाईंनी."

मालनचा हात सैल पडला.

वसुधाबाई भूगोल शिकवत. ज्याच्या घरचं माणूस परदेशात असेल त्यानं तो देश नकाशावर शोधायचा. शेजारी कोण, काय पिकतं, लोक कुठली भाषा बोलतात, हे उभं राहून वर्गाला सांगायचं. आपलं माणूस जिथं राबतं तिथली खबर आपल्याला हवी, असं त्या म्हणत. पण त्यात पोर्शन मागं पडला, म्हणून गणपतीआधी काही पालक मुख्याध्यापकांकडं तक्रार घेऊन गेले होते. सगळ्यांत मोठ्यानं मालन बोलली होती. नकाशे बघून मार्क मिळत नाहीत, म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. तिला पाहताच वसुधाबाईंचा चेहरा उतरला. आता आपण पुस्तकाबाहेरचं काही शिकवत नाही, असं त्यांनी घाईघाईनं सांगितलं. जगाचा मोठा नकाशाही गुंडाळून कपाटात ठेवला होता. आदल्या दिवशीची सगळी हकीगत मालननं एका दमात सांगून टाकली. ऐकता ऐकता बाई बाकावर बसल्या. मालन भांडायला आलेली नाही, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"नकाशा बाहेर काढा, बाई," मालन म्हणाली. "मोठ्या सरांना मी सांगते."

आणि तिनं सांगितलंही. तक्रारीला आलेल्या पालकांनाच गोळा करून ती पुन्हा मुख्याध्यापकांसमोर उभी राहिली. पुढं शकुच्या भावाची तार आली, दशरथचं खुशालीचं पत्रही आलं. पण मालनला शांत झोप त्याच्या कितीतरी आधीपासून लागत होती.

दसऱ्याला शाळेत सरस्वतीपूजन झालं. ज्यांच्या विषयाचा निकाल सगळ्यांत चांगला लागे, त्या शिक्षकांचा सत्कार त्या दिवशी व्हायचा. या वर्षी पालकांनी वसुधाबाईंचं नाव पुढं केलं आणि शाल द्यायला मालनला बोलावलं. शाल देऊन ती खाली उतरू लागली, तर मुख्याध्यापकांनी तिच्यापुढं माइक धरला. दोन शब्द बोला, म्हणाले. ती आयुष्यात कधी माइकवर बोलली नव्हती. समोर सगळी शाळा बसली होती.

"जानकीचे बाबा पाच वर्षं नुसते परदेशात होते," ती म्हणाली. "बाईंमुळे आता ते सलालात आहेत."