पसाभर कोळसे

नारळाच्या करवंट्या बेताच्या हवेत तापवायच्या, त्यांचा गॅस करायचा आणि त्या गॅसवर स्वयंपाक, अशी शेगडी रत्नागिरीच्या अयूबने स्वतःच्या डोक्याने तयार केली. फक्त एक सल त्याला छळत होता. गॅस संपला की शेगडीच्या तळाशी पसाभर कोळसे उरत. म्हणजे तेवढ्या करवंट्या फुकट! तरीही मोहल्ल्यात पंधरा शेगड्या हातोहात खपल्या. सदोष शेगडीला एवढी मागणी, मग निर्दोष शेगडीला तर दारात रांग लागेल, असं म्हणत त्याने कतारहून चालून आलेली नोकरी नाकारली आणि सहा महिने खपून नवं डिझाइन केलं.

ईदच्या आदल्या दिवशी पहिली नवी शेगडी त्याने आपल्या मावशीकडे, रुबिनाखालाकडे नेली आणि तिची जुनी काढून घेऊन तिच्या जागी पेटवली. जाळ विझल्यावर खालाने आत वाकून पाहिलं. तळाशी चिमूटभर राख.

"अरे, कोळसे कुठं गेले?"

"आता एकपण नाय उरत, खाला! सगळ्याचा गॅस!" अयूबची छाती फुगली.

खालाने कपाळावर हात मारला. "मग उद्या बिर्याणीला दम देताना झाकणावर काय ठेवू, तुझं डोकं?"

"पण खाला, गॅस..."



"गॅस सिलिंडरात येतोच की रे! तुझी शेगडी आमी सगळ्या बायकांनी कोळशांसाठीच घेतलेली."